मोल, भाव आणि सात चिठ्ठ्या

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीला भाव निघतो, कारखान्यावर उसाला दर मिळतो. माणूस मोलानं कामाला जातो, आणि तेच मोल 'अनमोल' म्हणताना एकदम सोवळं होतं. शब्दाला वजन असतं, माणसाला किंमत असते, आणि एखादा फारच भाव खायला लागला की त्याला कुणी विचारत नाही. रोजच्या तोंडी एवढे शब्द असताना शाळेच्या भिंतीवर मात्र एकच रंगवलेला असतो: मूल्य.

माणसांची मूल्यं अभ्यासायला निघालेल्याला पहिली ठेच इथेच लागते. कराडच्या किंवा विट्याच्या बाजूला कुणालाही विचारा, "तुमच्या आयुष्यातली मूल्यं कोणती?" समोरचा जरा ताठ बसतो, आवाज बदलतो आणि प्रामाणिकपणा, मोठ्यांचा आदर, देशप्रेम अशी यादी सुरू होते. तो खोटं बोलत नसतो. आपण त्याला परिपाठातला प्रश्न विचारलेला असतो, तो परिपाठातलं उत्तर देतो. मराठीत 'मूल्य' म्हणजे आधीच पास झालेली गोष्ट, सद्गुणाचं दुसरं नाव. अभ्यासकाला हवं असतं ते वेगळंच: या माणसाच्या लेखी कशाला किती महत्त्व आहे, मग ते चांगलं असो की वाईट. म्हणून प्रश्नावलीत 'मूल्य' हा शब्द येऊच द्यायचा नाही. 'तुमच्या लेखी काय मोठं?' असं विचारलं की माणूस सैल होतो.

परिपाठाचा विषय निघालाच आहे तर तिथली दहा मूल्यं बघू. राष्ट्रभक्ती, राष्ट्रीय एकात्मता, सर्वधर्मसहिष्णुता, स्त्री-पुरुष समानता, वैज्ञानिक दृष्टिकोन, श्रमप्रतिष्ठा, सौजन्यशीलता, नीटनेटकेपणा, संवेदनशीलता, वक्तशीरपणा. शालोम श्वार्ट्झ या मानसशास्त्रज्ञानं १९९२ साली मूल्यांचं एक चाक मांडलं. त्यात दहा मूलभूत गट आहेत: स्वतःचं स्वतः ठरवणं, नवेपणाची ओढ, सुखोपभोग, यश, सत्ता, सुरक्षितता, रीतीला धरून राहणं, परंपरा, आपल्या माणसांचं भलं आणि सगळ्यांचं भलं. शेजारशेजारचे गट एकमेकांना धरून असतात, समोरासमोरचे एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात. आपली शाळेतली दहा या चाकावर ठेवली तर समानता आणि सहिष्णुता 'सगळ्यांचं भलं' या घरात बसतात, संवेदनशीलता आपल्या माणसांच्या घरात. सौजन्य आणि वक्तशीरपणा रीतीच्या, तर राष्ट्रभक्ती सुरक्षिततेच्या आसपास. नीटनेटकेपणाही सुरक्षिततेतच जातो; वाचायला विचित्र वाटतं, पण श्वार्ट्झच्या यादीत स्वच्छता खरोखर तिथेच आहे. वैज्ञानिक दृष्टिकोन स्वतः विचार करण्याच्या घरात.

सत्ता, यश, सुखोपभोग आणि नवेपणा ही चाकाची एक अख्खी बाजू मोकळी राहते. शाळेनं ती मुद्दाम सोडली आणि त्यात चूक काही नाही. हौसमौज शिकवायला मास्तर लागत नाहीत. पण ज्या पोरांना हे दहा पाठ आहेत, ती मोकळ्या बाजूला राहतच नाहीत असं समजणारा सर्वेक्षक फसतो.

श्रमप्रतिष्ठेपाशी हे चाक जरा अडखळतं. पाश्चात्त्य यादीतला 'मेहनती, महत्त्वाकांक्षी' माणूस यशाच्या घरात बसतो. आपल्याकडे श्रमप्रतिष्ठा म्हणजे हातानं काम करणाऱ्याला खालचा न मानणं. तो जातीशी केलेला झगडा आहे, म्हणून तिची जागा समानतेशेजारी. साताऱ्यात १९२४ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी सगळ्या जातींची मुलं एका वसतिगृहात, एका पंगतीला बसवली आणि त्यांच्याकडून कामही करून घेतलं, तेव्हा त्या कामाचा अर्थ 'मोठं हो' एवढाच नव्हता. बाहेरची प्रश्नावली शब्दशः मराठीत उतरवणाऱ्यानं हा एक शब्द तरी डोळ्यांसमोर ठेवावा.

आता मुख्य अडचण. यादीतलं सगळंच सगळ्यांना हवं असतं. 'प्रामाणिकपणा किती महत्त्वाचा?' याला 'फार'. 'घरच्यांचं सुख?' फार. 'पैसा?' जरा थांबून, पण फारच. असं करत करत रकानाभर सहापैकी सहा गुण जमतात आणि हाती शून्य लागतं. मिल्टन रोकीच या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं म्हणून गुण मागायचंच सोडून दिलं. त्याच्या १९७३च्या मांडणीत १८ अंतिम मूल्यं आहेत, आयुष्यात काय मिळावं याची, आणि १८ साधनमूल्यं, कसं वागावं याची. दोन्ही याद्या क्रमानं लावायच्या. एक वर गेलं की दुसरं खाली येणारच. मूल्य दिसतं ते क्रमात, हे त्याचं म्हणणं.

त्यानं आणखी एक धीट प्रयोग केला. राजकीय विचारसरणींचा फरक फक्त दोन मूल्यांवर मोजता येईल का? स्वातंत्र्य आणि समता. चार राजकीय बाजूंच्या लिखाणातून शब्द मोजले. समाजवादी लेखकांकडे दोन्ही वर निघाली, हिटलरकडे दोन्ही खाली. लेनिनकडे समता वर आणि स्वातंत्र्य तळाशी, तर अमेरिकेतल्या उजव्या गोल्डवॉटरकडे नेमकं उलटं. तक्ता देखणा आहे. साताऱ्यात बसून तो वाचताना मात्र एक माणूस आठवल्याशिवाय राहत नाही. ७ नोव्हेंबर १९०० रोजी इथल्या शाळेत नाव घातलेला एक मुलगा २५ नोव्हेंबर १९४९ला घटना समितीत सांगत होता की स्वातंत्र्य, समता आणि बंधुता या तीन सुट्या वस्तू नव्हेत. एकीला दुसरीपासून तोडलं तर लोकशाहीचा हेतूच हरतो. रोकीचच्या तक्त्यात बंधुतेला रकाना नाही. दोन मूल्यांची ओढाताण त्यानं मोजली, पण ती ओढाताण कोण सहन करतं आणि कशाच्या जोरावर, हे त्या तक्त्यात दिसत नाही. आंबेडकर नेमकं त्यावर बोट ठेवतात: बंधुता नसेल तर उरलेल्या दोघी आपसूक टिकत नाहीत, दंडुका घेऊन शिपाई उभा करावा लागतो. क्रम लावणं हे मोजमापाचं साधन झालं. जगताना दोन्ही वर ठेवायची खटपट चालूच राहते.

गावात अठरा गोष्टी क्रमानं लावायला देणं व्यवहारात जमत नाही. पहिली तीन आणि शेवटची दोन माणूस मनापासून लावतो, मधल्या तेरांची पत्ते पिसल्यासारखी गत होते. म्हणून श्वार्ट्झनंच पुढे दुसरी वाट काढली. अमूर्त शब्दांऐवजी माणसाचं छोटं वर्णन वाचून दाखवायचं: 'याला वाटतं की स्वतःच्या मनानं निर्णय घ्यावेत', आणि विचारायचं, 'हा तुमच्यासारखा किती?' उत्तराच्या सहा पायऱ्या, 'अगदी माझ्यासारखा' म्हणजे सहा, तिथपासून 'मुळीच माझ्यासारखा नाही' म्हणजे एकपर्यंत. वर्णनं ४०, युरोपातल्या मोठ्या सर्वेक्षणात २००२पासून २१ वापरतात. बाईला विचारताना वर्णनातली व्यक्तीही बाई हवी. आपण 'मी' म्हणून उत्तर देत नाही, 'ती' माझ्यासारखी आहे की नाही एवढंच सांगतो, त्यामुळे जरा मोकळेपणा येतो.

पण इथेही काहीजण सगळ्यांना पाच-सहा देतात, काहीजण हात राखून तीन-चार. समजा एकीची सगळ्या उत्तरांची सरासरी ५.४ आहे आणि दुसरीची ३.९. दोघींनी परंपरेला ५ दिले. कच्चे आकडे बघितले तर दोघी सारख्याच परंपरावादी. प्रत्येकीच्या गुणांतून तिची स्वतःची सरासरी वजा करा: पहिलीचे उणे ०.४, दुसरीचे अधिक १.१. पहिलीच्या लेखी परंपरा इतर गोष्टींहून कमी, दुसरीच्या लेखी कितीतरी जास्त. ही वजाबाकी न करता छापलेले तक्ते सर्रास दिसतात, आणि 'अमुक तालुक्यातले लोक सगळ्याच बाबतीत मूल्यनिष्ठ' असे निष्कर्ष त्यातूनच निघतात. तालुका मूल्यनिष्ठ वगैरे काही नसतो, तिथली माणसं पाहुण्याला नाही म्हणत नाहीत एवढंच.

कुठे बसून विचारलं याचाही उत्तरावर परिणाम होतो. ओसरीवर सासू गहू निवडत बसली असेल तर सुनेचं 'स्वतःचं स्वतः ठरवणं' दोन पायऱ्या खाली उतरतं. चावडीवर विचारलं तर प्रत्येक जण सरपंच ऐकतोय असं धरून बोलतो. शेतीपंपाची वीज रात्रपाळीची असेल त्या आठवड्यात पुरुष दुपारी अर्धवट झोपेत उत्तरं देतात, सगळ्याला तीन. एप्रिलमध्ये पाण्याबद्दल विचारलेलं आणि ऑगस्टमध्ये विचारलेलं एकत्र करू नये. तेच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर टिकतं का ते पाहायचं असेल तर दोन-तीन आठवड्यांच्या आत विचारावेत, हंगाम बदलायच्या आधी.

कमी लिहिता-वाचता येणाऱ्यांसाठी सगळ्यात सरळ रीत सात चिठ्ठ्यांची. जाड कागदाच्या, एकीवर एकच गोष्ट, ठळक अक्षरात.

१ घरच्यांना आधार. २ चार लोकांत मान. ३ रीतीरिवाज सांभाळणं. ४ स्वतःचं स्वतः ठरवता येणं. ५ अडीअडचणीला पुरेल एवढी पुंजी. ६ सगळ्यांना सारखा न्याय. ७ हौसमौज.

साती एकदम पुढ्यात टाकायच्या नाहीत. तीन-तीनच्या सात जुड्या करायच्या: १-२-४, २-३-५, ३-४-६, ४-५-७, ५-६-१, ६-७-२, ७-१-३. आकडे मनाचे नाहीत. या मांडणीत प्रत्येक चिठ्ठी बरोबर तीनदा येते आणि कुठल्याही दोन चिठ्ठ्यांची गाठ बरोबर एकदा पडते. सातांच्या एकवीस जोड्या, एकही सुटत नाही, एकही दोनदा नाही. प्रत्येक जुडीला दोनच प्रश्न: यातलं सगळ्यात मोठं कोणतं, आणि सगळ्यात आधी सोडाल ते कोणतं? मधलं आपोआप कळतं. मोठ्याला अधिक एक, सोडलेल्याला उणे एक.

समजा एखाद्या बाईनं अशी उत्तरं दिली: 'घरच्यांना आधार' तिन्ही वेळा सगळ्यात मोठं, म्हणजे अधिक ३. पुंजी दोनदा मोठी, एकदा मधली, अधिक २. न्याय दोनदा मोठा पण पाचव्या जुडीत सोडलेला, अधिक १. स्वतःचं ठरवणं शून्य, मान उणे १, रीतीरिवाज उणे २, हौसमौज उणे ३. बेरीज शून्य. ती नेहमी शून्यच यायला हवी. नाही आली तर लिहिणाऱ्याची चूक आहे, उत्तर देणारीची नव्हे.

चुका होतात त्या ठरावीक जागी. वाचून दाखवताना शेवटी ऐकलेली चिठ्ठी लोक जास्त उचलतात, म्हणून जुडीतला क्रम प्रत्येक घरी बदलायचा. 'हौसमौज' हा शब्दच थोडा उनाड आहे, तो बहुतेकदा उणे ३वर जातो. 'सणावाराला, जत्रेला मनमुराद आनंद' लिहिलं की वर सरकतो. चौथ्या चिठ्ठीवर आधी 'मनाप्रमाणे वागणं' लिहायचा मोह होतो. आपल्याकडे मनाप्रमाणे वागणारी बाई म्हणजे काय समजतात ते सांगायला नको. अशा शब्दांसाठी आठ-दहा जणांसमोर आधी चिठ्ठ्या ठेवून विचारावं, 'हे वाचून तुमच्या डोळ्यांपुढे काय आलं?' हे न करता शेकडो घरं फिरणारे लोक आपल्याच शब्दकोशाचं सर्वेक्षण करून येतात.

आणखी एक खड्डा हिशोबातला. बेरीज शून्य असल्यानं एक वर गेलं की बाकीची खाली ढकलली जातात. सात गोष्टी असतील तर त्यांच्यात सरासरी उणे एक-षष्ठांश इतका परस्परविरोध काहीही नसताना दिसतो. त्यावर नेहमीचं घटक विश्लेषण, म्हणजे कोणत्या गोष्टी एकत्र वर-खाली होतात ते शोधणारं गणित, चालवून 'न्याय आणि पुंजी यांचं वैर आहे' असं कुणी म्हणालं तर ते वैर चिठ्ठ्यांनी घडवलेलं असू शकतं. या रीतीतून एका माणसाच्या मनातला क्रम कळतो. शेजाऱ्यापेक्षा त्याला न्याय जास्त प्रिय आहे का, हे त्यातून कळत नाही.

आणि गावातल्या बहुतेकांनी मान न्यायाच्या वर ठेवला, म्हणून मान वर असणं बरोबर ठरत नाही. 'आहे' वरून 'असावं' काढता येत नाही हे डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञानं १७३९-४०मध्येच लिहून ठेवलं. हुंडा घेणाऱ्यांचा आकडा हुंड्याच्या बाजूचा पुरावा नसतो. सर्वेक्षणाच्या अहवालात हे वाक्य एकदा ठळक लिहावं आणि पुढे जावं.

काही गोष्टी चिठ्ठीवर लिहिताच येत नाहीत. जमीन घ्या. काळी आई, ती विकायची नसते. तरी विकली जाते. बोलताना ऐका: 'विकली' कुणी म्हणत नाही. 'पोरीच्या लग्नात गेली', 'आबांच्या आजारपणात गेली'. जमीन स्वतःच्या पायांनी चालत गेल्यासारखी. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी पवित्र मानलेल्या गोष्टींच्या अदलाबदलीचा अभ्यास केला आहे. पवित्र गोष्टीच्या बदल्यात पैसा आला की माणसाला किळस येते. पवित्र विरुद्ध पवित्र असा पेच असला की दुःख होतं, पण लाज वाटत नाही. आपलं 'गेली' हे क्रियापद नेमकं हेच करतं: व्यवहारातून पैसा काढून टाकतं आणि तिथं लेक किंवा बाप आणून बसवतं. कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटलांनी वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी दागिने दिले, मंगळसूत्रही दिलं, ते सगळा जिल्हा आदरानं सांगतो. कारण तिथे सोन्यासमोर सोन्याचा भाव नव्हता, उपाशी पोरं होती.

धरणग्रस्तांशी बोलणी करणाऱ्या अधिकाऱ्यानं हे ओळखायला हवं. २००७ साली इस्राएली वसाहतकरी आणि पॅलेस्टिनी निर्वासितांवर झालेल्या अभ्यासात दिसलं की पवित्र मानलेल्या मागणीवर पैशाची भर टाकली की संताप वाढतो. कोयनेच्या काठचं देऊळ आणि थोरल्यांच्या समाधी पाण्याखाली जाताना 'भाव वाढवून देतो' म्हणणं त्याच जातीचं. जमिनीला जमीन या मागणीत हिशोब कमी आणि मान जास्त असतो.

पाण्याचं मात्र उघड मोजता येतं, कारण ते रोज वाटावं लागतं. पाणी कुणाला किती, याच्या चार रीती: जमिनीच्या प्रमाणात, खर्चाच्या किंवा श्रमदानाच्या वाट्यानुसार, गरजेनुसार, किंवा घरटी सारखं. चारही रीती न्याय्यच म्हणवतात. खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी आणि तांदूळवाडीच्या लोकांनी १९८०च्या दशकात बळीराजा धरणासाठी चळवळ केली तेव्हा चौथी रीत धरली: जमीन असो वा नसो, प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क. भूमिहीनाला पाणी म्हणजे काय, असं हसणारे होते. उत्तर साधं होतं: ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याशी जमीनवाला बटाईची बोलणी खालच्या मानेनं करतो.

असं वाटप ठरलं की चोरून पाण्याची दारं मोडणाऱ्यांचं काय, हा प्रश्न येतोच, आणि बैठकीत पहिली सूचना दंडाची असते. सावकाश. इस्राएलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांवर २० आठवडे एक प्रयोग झाला. निष्कर्ष २०००मध्ये छापले. पालक मुलांना न्यायला उशिरा येत. सहा पाळणाघरांत पाचव्या आठवड्यापासून दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. उशीर वाढला, जवळपास दुप्पट झाला. सतराव्या आठवड्यात दंड उठवला तरी खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज होती, आता दर होता. आपल्याकडे 'दंड भरला की मोकळा' म्हणतात, तेच. बागायतदाराला पाचशे रुपयांत रात्रभराचं पाणी मिळत असेल तर तो दंड नाही, पाणीपट्टी आहे. राज्यशास्त्राच्या अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रोम यांनी १९९०मध्ये सामाईक साधनं टिकवणाऱ्या गावांतून काढलेली रीत वेगळी: राखणदार वापरणाऱ्यांना जबाबदार असावा आणि शिक्षा पायरीपायरीनं वाढावी. पहिल्यांदा चारचौघांत सांगणं, दुसऱ्यांदा थोडका दंड, मग पाण्याची पाळी बंद. लाज शाबूत ठेवूनच दंड वाढवायचा.

अशा गावात चिठ्ठ्या घेऊन गेलात तर पाचव्या जुडीवर लक्ष ठेवा. पुंजी, सगळ्यांना सारखा न्याय, घरच्यांना आधार. विहीर असलेला, नऊ एकर ऊस असलेला आणि समान पाण्याच्या बाजूनं हात वर केलेला माणूस इथे थांबतो. आधार पटकन उचलतो. उरलेल्या दोन हातात धरून बसतो, एक खाली ठेवतो, परत उचलतो. त्याला सुचवायचं नाही, 'दोन्ही सारखीच असतील तर' असं म्हणायचं नाही, घड्याळाकडे बघायचं नाही. त्यानं शेवटी कोणती सोडली ते लिहायचं, जुडीसमोर किती वेळ लागला ते पेन्सिलीनं टिपायचं, आणि ६-७-२ मांडायची.